लेव्हलकाका

प्रत्येक सोसायटीत एक माणूस असा असतो, की कुठल्याही घरात हातोड्याचा पहिला ठोका पडला की तिसऱ्या ठोक्याला तो दारात उभा. त्याला कोणी बोलावलेलं नसतं. ‘काय, काम काढलंत वाटतं?’ असं विचारत तो चपला काढतो, आणि चपला काढल्या म्हणजे मुक्काम संध्याकाळपर्यंत आहे हे घरच्या बाईला कळतं. ती मुकाट्यानं आधणात एक कप पाणी वाढवते. गवंडी त्याला टाळतो, सुतार त्याच्याशी भांडतो, आणि घरमालक दोघांच्या मध्ये उभा राहून ‘काका म्हणतात तसं करून बघू या का?’ असं पुटपुटतो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत या माणसाला लेव्हलकाका म्हणतात. खरं नाव जिन्याखालच्या पाटीवर आहे. पण ती पाटी वाकडी लागली आहे म्हणून काका तिच्याकडे बघत नाहीत, आणि बाकीच्यांना तशी गरज पडत नाही.

काका माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि चार्जमन होऊन निवृत्त झाले. निरोप समारंभात ऑफिसनं शाल-श्रीफळ दिलं आणि हाताखालच्या पोरांनी वर्गणी काढून एक नऊ इंची पाणसळ दिली. शाल कुठल्याशा बारशाला पुढे सरकली, श्रीफळाच्या वड्या झाल्या, पाणसळ तेवढी काकांकडे राहिली. लेंग्याच्या खिशातून तिचं पिवळं टोक कायम बाहेर असतं. सोसायटीच्या गणपतीला मूर्ती चौरंगावर ठेवण्याआधी चौरंगाची परीक्षा होते. त्या वेळी गुरुजी हातात अक्षता घेऊन थांबलेले असतात आणि काका चौरंगाच्या एका पायाखाली पुठ्ठा सारत असतात. कॅरम, पाळणा, फ्रीज, लग्नाचं स्टेज, काहीही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. मापं ते सुतात सांगतात. इंचाचे आठ सूत. मिलिमीटरशी त्यांचं वैर नाही. पण ‘मिलिमीटर कागदावर असतो, सूत बोटाला कळतं,’ असं त्यांचं मत आहे. जेवताना ताटातली आमटी वरणभाताकडे धावली, तर ते ताट फिरवत नाहीत. उठून टेबलाचा पाय बघतात.

तरीही काकांची खरी हुकमत चालते ती संडासात. कुणाकडे नवा कमोड बसतोय ही बातमी त्यांना कशी लागते कोण जाणे, पण लागते. आणि गेल्या काही वर्षांत ती वारंवार लागते आहे, कारण आमच्या इमारतीचे गुडघे एकदम गेले. ऐंशीच्या दशकात सगळ्यांनी बरोबरच ब्लॉक घेतले, बरोबरच लोकलला लोंबकळले, बरोबरच निवृत्त झाले. मग गुडघे तरी मागेपुढे कसे जातील? प्रत्येक घरात बिल्डरनं दिलेली भारतीय बैठक होती. डॉक्टरांनी सांगितलं, मांडी घालू नका, उकिडवं बसू नका. सतरंजी गेली, पाट गेला, शेवटी बैठकही गेली.

बैठक काढून कमोड बसवायचा म्हणजे काय होतं, हे ज्यानं घरात भोगलंय त्यालाच ठाऊक. आधी जुनं भांडं फोडायचं. त्या खड्ड्यात विटांचे तुकडे आणि सिमेंट भरायचं. वर नवीन खरबरीत टाइल लावायची, पाय घसरू नये म्हणून. पण सगळी फरशी बदलायला पैसे नसतात आणि ‘रिडेव्हलपमेंट तर होणारच आहे’ ही आशाही असते. म्हणून कडेच्या जुन्या पांढऱ्या टाइल तशाच राहतात. जुन्याची आणि नव्याची जात वेगळी, जाडी वेगळी, आणि दोघींच्या मधला सांधा कधी इकडे वर तर कधी तिकडे. कमोडचं बूड नेमकं त्या सांध्यावर येतं. मग तो डुगडुगतो. आणि काकांचा दिवस सोन्याचा होतो.

‘मिस्त्रीनं फरशी वाकडी केली हो!’ असं घरमालक म्हणाला की काकांना राग येतो. त्यांच्या शास्त्रात फरशी वाकडी नसते. ‘अहो, ती शहाणी आहे. ती सरळ असती तर पाणी दारातून हॉलमध्ये आलं असतं.’ मग हिशेब. न्हाणीघरात पाणी जाळीकडे वळावं म्हणून फरशीला साधारण शंभराला एक असा उतार देतात, म्हणजे मीटरमागे एक सेंटिमीटर. कमोडचं बूड सोळा इंच लांब धरलं, तर त्याच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत फरशी चार मिलिमीटर उतरते. ‘म्हणजे सव्वा सूत!’ काका बोट वर करतात. ‘फरशीला उतार पाहिजे आणि कमोडला सपाटी पाहिजे. दोघांचंही म्हणणं बरोबर. आता यात भांडून उपयोग नाही, मध्ये कुणीतरी पडायला हवं.’ मध्ये पडणारी व्यक्ती कोण, हे त्यांना सांगावं लागत नाही.

दुसरा सिद्धान्त असा, की कमोड स्वतःही सरळ नसतो. ओल्या मातीचा घडतो, वाळतो, मग भट्टीत सुमारे बाराशे अंशांना भाजतो, आणि या प्रवासात दहा-बारा टक्के आक्रसतो. आक्रसताना एखादा कोपरा जरा जास्तच आत जातो. म्हणून काका कमोड विकत घ्यायलाही बरोबर येतात. मानपाडा रोडच्या एका दुकानात त्यांनी कमोड उलटा करायला लावून बुडावर लोखंडी पट्टी आडवी ठेवली, डोळा लावला, ‘हा नको’ म्हणाले. दुसरा उलटा करायला लावला, ‘हाही नको’ म्हणाले. ओळीनं पाय वर करून पडलेल्या कमोडांमधून वाट काढत दुकानदार आला आणि हात जोडून म्हणाला, ‘काका, रंग तरी आवडला का?’ काका म्हणाले, ‘रंग बघायला मी आलेलोच नाही.’

काकांना पुरून उरलेला एकच माणूस आहे, आमचा प्लंबर. तो ओडिशातल्या केंद्रपाड्याचा. त्या जिल्ह्यातले प्लंबर देशभर पसरलेत आणि हा डोंबिवलीच्या वाट्याला आला. इथे राहून मराठी चांगली शिकला. फक्त सगळ्या वस्तू त्याच्या लेखी पुरुष आहेत. ‘तो टाइल फुटला’, ‘तो टाकी भरला’. स्वभाव अतिशय शांत. काका बोलत असताना तो विडी न ओढताही विडी ओढल्यासारखा निवांत बसून राहतो आणि काका श्वास घ्यायला थांबले की कामाला लागतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे या दोघांचा प्रयोग पूर्ण बघायला मिळाला. आजींचा जुना कमोड सहा महिन्यांत डुगडुगायला लागला होता. कोणीतरी तो फरशीवर ठेवून भोवती पांढऱ्या सिमेंटचा बांध घालून दिला होता. आजी स्वच्छतेच्या भोक्त्या, दर रविवारी ॲसिड. ॲसिडनं डाग गेले आणि डागांबरोबर सिमेंटही गेलं. आता कमोड उचलून नीट बसवायचा होता. प्लंबरनं सिमेंट तासलं, कमोड उचलला, पाइपाचं तोंड पुसून त्यात बोळा कोंबला. काका दारात उकिडवे बसले.

‘आधी कोरडा ठेव. काही लावू नको.’

‘कोरडाच ठेवतो काका.’

कमोड जागेवर आला. काकांनी पुढे सरकून दोन्ही तळहात काठावर तिरपे ठेवले आणि डॉक्टर पोट दाबून बघतात तसं आळीपाळीनं दाबलं. टक्. टक्. ‘डाव्या अंगाला मागे पोकळ आहे.’ मग खिशातून लग्नपत्रिका निघाली. काका कुणाचंही लग्न चुकवत नाहीत आणि पत्रिका टाकत नाहीत. चांगल्या घरच्या पत्रिकेचा पुठ्ठा फटी मोजायला उत्तम, असा त्यांचा अनुभव आहे. पत्रिका बुडाभोवती फिरत गेली. पुढे अडली, उजवीकडे अडली, डावीकडे मागे गणपतीपासून ‘आपले नम्र’पर्यंत आत गेली.

आता डबा उघडला. औषधाच्या रिकाम्या डब्यात काकांनी जुनी ॲल्युमिनिअमची नाणी जपून ठेवली आहेत. पाच पैशांचं चौकोनी, दहा पैशांचं कंगोऱ्यांचं, वीस पैशांचं षटकोनी. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. काकांच्या दरबारात ती अजून चालतात. ‘दहा सार.’ टक्. ‘दहा काढ, वीस सार.’ टक्. ‘वीस आणि पाच.’ आवाज थांबला. काठावर पाणसळ ठेवली. आधी आडवी, मग उभी. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये येऊन स्थिरावला, तेव्हा आजींनी देवाला करावा तसा नमस्कार त्या बुडबुड्याला केला.

‘आता नाणी राहू देत की आतच,’ आजी म्हणाल्या. ‘पंचवीस पैशांत काम झालं.’

‘छे छे! नाणी मोजायला. ठेवायला नाहीत. उद्या कुणी पुन्हा सिमेंट लावलं तर ओलं सिमेंट ॲल्युमिनिअमला खातं. लाकडाची चिपटी दिली तर फुगते आणि मग कुजते. कागदाची घडी दिली तर विचारूच नका.’ काकांनी दुसऱ्या खिशातून प्लॅस्टिकच्या पाचरी काढल्या. हल्ली टाइल बसवताना कडा वरखाली होऊ नयेत म्हणून क्लिपांमध्ये पाचरी ठोकतात; काम झालं की त्या सुट्या होतात. शहरात कुठेही नवं बांधकाम दिसलं की काका तिथून मूठभर उचलून आणतात. प्लंबरनं नाणी काढून त्या जागी पाचरी सारल्या, बोटानं दाबल्या, आणि बाहेर आलेली टोकं पात्यानं सपाट कापली. काकांनी पुन्हा पाणसळ लावली. अर्धं सूत फरक. पुन्हा पाचर. पुन्हा पाणसळ. प्लंबरनं तेवढ्यात घरी फोन करून आईची तब्येत विचारली.

मग भोकांची वेळ आली, आणि इथे काकांचा आवाज खाली येतो. कारण फरशीखाली नुसती फरशी नसते. संडासाचा स्लॅब मुद्दाम खोल घेतलेला असतो, ज्याला सगळे सनकन म्हणतात. त्यात पाइप असतात, त्याखाली पाणी अडवणारा कोबा असतो, आणि त्याखाली पहिल्या मजल्यावरचे सेक्रेटरी असतात. ड्रिल दोन इंचांऐवजी चार इंच गेलं, की वरचं पाणी खालच्या छतावर नकाशा काढतं आणि पुढची वार्षिक सभा त्या नकाशावर होते. प्लंबरनं ड्रिलच्या बिटावर दोन इंचांवर चिकटपट्टी गुंडाळली. ‘टाइलचा वरचा थर जाईपर्यंत हॅमर बंद,’ काका म्हणाले. ‘बंदच आहे काका.’ ‘मला दिसू दे.’ त्यानं बटण दाखवलं. खबरदारी म्हणून सेक्रेटरींना त्यांच्याच बाथरूममध्ये स्टुलावर उभं करून छताकडे बघायला सांगितलं होतं. भोकं पडली, गट्टू बसले, आणि चहा पिऊन सगळे परत कमोडवर आले तेव्हा खालून बारीक आवाज आला, ‘अहो, मी उतरू का आता?’

कमोड पुन्हा पाइपाच्या तोंडावर बसला. बोल्ट आवळणं हा काकांचा आवडता अध्याय. चिनी मातीला लवचीकपणा ठाऊक नाही. लोखंड आधी वाकतं, मग तुटतं. ही थेट तडकते, तीही शेवटच्या पाव आट्याला, जेव्हा माणूस ‘अजून थोडा’ म्हणतो. म्हणून बोल्टाखाली प्लॅस्टिकचा वॉशर, आणि पाना एकदा डावीकडे पाव आटा, एकदा उजवीकडे पाव आटा. ‘आवळायचं नाही रे. टेकवायचं. भार पाचरींवर आहे, बोल्ट नुसता हलू देत नाही.’ आजींचा नातू म्हणाला, ‘थोडा हलला तर काय होतं पण?’ काकांनी मान वळवली. प्रश्न त्यांच्या आवडीचा होता. ‘वर एक सूत हललं की खाली पाइपाचा सांधाही हलतो. रोज हलतो. मग एक दिवस तो सुटतो, घाण सनकनमध्ये झिरपते आणि वास येतो. आत नळीत दोन इंच पाणी वास अडवायला उभं असतं, पण सांध्यानंच वाट करून दिली तर ते पाणी काय करणार? आणि तुझी आजी उठताना सगळा भार एका हातावर देते. तो हात कमोडवर असतो. तेव्हा तो हलता कामा नये.’ नातू गप्प झाला. आजींनी चहाबरोबर चकल्या आणल्या.

नळीचा विषय निघाला की काका 1775 सालात जातात. त्या वर्षी लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीनं पाणी धरून ठेवणाऱ्या या वळणदार नळीचं पेटंट घेतलं. घड्याळजीनं, याचं काकांना विशेष कौतुक. ‘बारीक काम करणारा माणूस आहे म्हणून सुचलं. नाहीतर तोवर राजाच्या घरातही वासच होता.’ साऱ्या जगात काकांना मान्य असलेली वाकडी वस्तू ही एवढीच.

शेवटी कडेनं सिलिकॉन. त्याआधी चार वेळा फ्लश, बुडाभोवती रद्दीचा कागद, कागद कोरडा. (रद्दी म्हणून आजोबांचा न वाचलेला पेपर गेला, तो वेगळा वाद.) प्लंबरनं सिलिकॉनची रेघ ओढली, ओल्या बोटानं फिरवली आणि मागच्या बाजूला बोटभर जागा मोकळी सोडून थांबला.

‘अहो, ते राहिलं,’ आजी म्हणाल्या.

‘राहिलं नाही, ठेवलं,’ काका म्हणाले. ‘उद्या आत गळती झाली तर पाणी तिथून बाहेर दिसेल. सगळीकडून बंद केलंत तर पाणी दिसणार नाही, सेक्रेटरींना दिसेल.’

सिलिकॉन नीट धरायला चोवीस तास लागतात. घरात माणसं पाच आणि संडास एक. इतर कोणी ‘रात्रभर जपून वापरा’ म्हणाला असता. काकांनी दाराला सुतळी बांधली आणि वहीच्या पानावर वेळापत्रक काढलं. आजी-आजोबा समोरच्यांकडे, कारण तिथे कमोड आहे. नातू तळमजल्यावर, कारण त्याला जिने उतरायला त्रास नाही. सूनबाई स्वतः काकांकडे. आणि मुलगा, त्याचं ऑफिस ठाण्याला असल्यामुळे, त्यानं ठाण्यात बघून यावं. रात्री अकरा वाजता काका हातात टॉर्च घेऊन सुतळी बघून गेले. पहाटे साडेपाचला पुन्हा आले, तर आजोबा दाराशी उभे. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. ‘मी नुसता बघायला आलो होतो,’ आजोबा म्हणाले. काकांनी त्यांना समोरच्यांची बेल वाजवून दिली.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरचा कमोड कसा असेल, हे बघायची उत्सुकता सूनबाईंना होतीच. त्या जाऊन आल्या आणि त्यांनी खबर आणली ती अशी, की काकांच्या घरात कमोड नाहीच. अजून बिल्डरची बैठक आहे. काकांचे गुडघे ठणठणीत. दिवसभर लोकांच्या संडासात उकिडवे बसून ते उत्तम राहिले आहेत. गुडघे गेलेत ते काकूंचे. त्या कित्येक वर्षं कमोड मागताहेत आणि काकांचं उत्तर ठरलेलं आहे, ‘आपल्या फरशीचा अभ्यास चालू आहे.’ घरच्या फरशीचं चित्र त्यांनी आलेखाच्या कागदावर काढून ठेवलंय, दर सहा इंचांवर उतार लिहिलाय, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळ्या शाईनं. दुसऱ्यांच्या फरशीवर पाचर मारून मोकळे होणारे काका स्वतःच्या फरशीवर मात्र परिपूर्ण उत्तराची वाट बघत होते, आणि काकू भिंतीला धरून उठत होत्या.

मग नाशिकला भाचीचं लग्न निघालं. स्टेजची लेव्हल बघायला माणूस हवाच, काका चार दिवस आधी गेले. ‘मला प्रवास झेपायचा नाही’ म्हणून काकू मागे राहिल्या. एसटी कल्याण ओलांडते न ओलांडते तोच त्यांनी प्लंबरला फोन केला.

काका परत आले ते खांद्यावरची पिशवी न उतरवता थेट आत गेले. कशाचा वास आला ठाऊक नाही, सिलिकॉनचा असावा. काकू स्वयंपाकघरात पोहे परतत राहिल्या. आत आधी तळहातांचा आवाज झाला. टक् आलं नाही. मग भाचीची पत्रिका निघाली, फिरली. कुठेच शिरली नाही. मग पाणसळ, आडवी आणि उभी. बराच वेळ काही ऐकू येईना. शेवटी काका गुडघ्यांवर बसून मागच्या बाजूला बोट फिरवत असल्याचं काकूंना दारातून दिसलं. तिथे बोटभर जागा मोकळी होती.

‘कोणी बसवला?’

‘त्यानंच. आणखी कोण?’

‘पाचरी?’

‘तुमच्या खिशातल्या. धुवायच्या लेंग्यात होत्या.’

‘आधी नाणी लावून बघितली होती का?’

‘पुढे दहा, मागे वीस आणि पाच. सगळी डब्यात परत आहेत, मोजून घ्या.’

काका उठले. चेहऱ्यावर नाराजी आणावी की नाही याचा निर्णय होत नव्हता. पाणसळ खिशात गेली, परत बाहेर आली, परत गेली. मग त्यांनी छाती थोडी पुढे काढली आणि विचारलं, ‘पण त्याला हे सगळं शिकवलं कोणी?’

‘शिकवलंत तुम्ही, बसवला त्यानं,’ काकू म्हणाल्या. ‘आता बसा तरी!’